आठ वाजताची सावली

“सर, तुमच्या स्वतःच्या घरावर आहे का हो सोलर?”

हा प्रश्न माझा नव्हता. मीनलचा आणि शबानाचा होता. मी फक्त उभी राहिले होते, आणि तेही एका मटका कुल्फीच्या पैजेवर. नववीपर्यंत मी शाळेत ‘हजर’ सोडून दुसरा शब्द मोठ्यानं उच्चारला नव्हता. सगळी शाळा सभागृहात बसलेली, स्टेजवर सोलर कंपनीचे खंदारे इंजिनिअर, त्यांच्या मागे पडद्यावर निळ्या छपराचं एक देखणं घर, आणि मध्ये मी उभी. मीनलनं मागून माझी ओढणी धरून ठेवली होती. मी मध्येच खाली बसू नये म्हणून नाही, पळून जाऊ नये म्हणून.

मुख्याध्यापकांनी चष्मा नाकावर घेतला. खंदारेसर मात्र हसले.

“नाही,” ते म्हणाले.

मागच्या रांगांमधून ‘होऽऽ’ असा आवाज उठला. पैज जिंकली होती, बसायला हरकत नव्हती. पण माझ्या तोंडून पुढचा प्रश्न निघूनच गेला, “का नाही, सर?”

“माझ्या घराच्या दक्षिणेला चार मजली बिल्डिंग आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा माझ्या गच्चीवर तिची सावली. आणि एका पॅनलवर सावली आली की त्याच्याबरोबरची अख्खी ओळ मंदावते. लोक मला विचारतात, सोलरचा खर्च किती वर्षांत निघतो? मी म्हणतो, नीट ऊन मिळालं तर चार-पाच वर्षांत. पण आधी सांगा, तुमच्या दक्षिणेला कोण राहतं?”

“आमच्या दक्षिणेला ही राहते,” मी मीनलकडे बोट दाखवलं.

सगळी शाळा हसली. मुख्याध्यापकसुद्धा. त्या दिवशी मला आवाज फुटला तो फुटलाच. कुल्फीवाल्याशी मीच घासाघीस केली, सायकलच्या दुकानात मीच भांडले, आणि आठवडाभरात आई म्हणाली, “ही पोरगी होती तशीच बरी होती.”

मीनल हलकुडे खरोखरच आमच्या दक्षिणेला राहायची. लातूरपासून तासाभरावरचं आमचं गाव, तिथे दोन घरांत मिळून एकच भिंत असणं काही नवलाचं नाही. गच्च्याही चिकटून, मध्ये कमरेएवढा कठडा. तो ओलांडायला आम्हाला कधी जिना लागला नाही. रोज चार वाजता आई इकडून आणि मीनलची आई, कलावतीकाकू, तिकडून कठड्यावर कप ठेवून चहा प्यायच्या. काकूंचा चहा गोडमिट्ट आणि आईचा कडू. म्हणून दोघी एकमेकींचा प्यायच्या.

त्या दिवाळीत पप्पांनी गच्चीवर आठ पॅनल बसवले होते. पप्पा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क, निवृत्तीला अडीच वर्षं. पतसंस्थेचं कर्ज काढून बसवले, म्हणजे निवृत्तीनंतर विजेचं बिल नको. सकाळी दूध यायच्या आधी ते फोनवर कालचा आलेख बघायचे, कुठल्या तासाला किती वीज झाली त्याचा. ढग आले की त्यांचा चेहरा पडायचा. आमच्या मराठवाड्यात ढग बघून तोंड पाडणारा माणूस तेवढा एकच असेल.

विज्ञान प्रदर्शनाचा विषय मीनलनं काढला.

“त्या सरांचीच सावली घेऊ की,” ती म्हणाली. “तुझ्याकडं पॅनल आहेत, आमच्याकडं दादाची खोली येणार आहे.”

“अजून तर काहीच नाहीये तिथं.”

“येणार ना पण. अकरा फूट उंच. मुलीकडच्यांनी सांगितलंय, वेगळी खोली असंल तरच साखरपुडा. समे, खरी खोली, खरे पॅनल, लै भारी प्रोजेक्ट होईल.”

खंदारेसर म्हणाले होते, थंडीतली सावली मोजा, ती सगळ्यात लांब. म्हणून आम्ही बावीस डिसेंबर धरला. सकाळी आठला, कारण नऊला ट्यूशन आणि अकराला शाळा. मीनलच्या बसूदादानं अकरा फुटांचा बांबू आणून दिला आणि तो स्वतः टाकीवर बसून आम्हाला हसत राहिला. मीनलनं त्यांच्या गच्चीच्या कडेला, जिथे खोली येणार होती तिथे, बांबू सरळ उभा धरला. मी आमच्या गच्चीवर खडूनं सावलीचं टोक आखलं. मग ती दोन पावलं सरकली, मी पुन्हा आखलं. सावली आठही पॅनलच्या पार पलीकडे गेली.

“चिमण्यांनो, माझ्या खोलीनं यांच्याकडं अंधार होतोय की काय?” बसूदादानं विचारलं.

“तुझ्या लग्नात आम्ही मेणबत्त्या लावू,” मी म्हणाले.

आम्ही हिशेब मांडला: थंडीचे तीन महिने पॅनल सावलीत, म्हणजे वर्षाच्या विजेतली चोवीस टक्के गेली. मोठा तक्ता केला, निळे पॅनल, काळी सावली, विटकरी खोली. खाली दोघींची नावं. तालुक्यात दुसरा नंबर आला. परीक्षक म्हणाले, मुलींनी प्रत्यक्ष मोजलंय. आम्ही बसमधून गावापर्यंत गात आलो आणि तक्ता आमच्या हॉलमध्ये लागला, कारण मीनलच्या घरच्या भिंतीला पोपडे सुटले होते.

पप्पा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते.

“ही खोली उदाहरणादाखल आहे ना?”

“नाही पप्पा, खरी आहे. बसूदादाची. संक्रांत झाली की काम सुरू.”

“परवानगी काढली का त्यांनी?”

“दादा म्हणाला, एका खोलीसाठी कोण काढत बसतं.”

मी हे अगदी आनंदानं सांगितलं. तेव्हा मी सगळंच आनंदानं सांगत होते.

दोन दिवसांनी त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं. “समू, जरा अक्षर चांगलं काढ. एक अर्ज उतरवायचाय.”

पप्पांचे अर्ज मीच उतरवायची. सातवीपासून. ते पाठकोऱ्या कागदावर खरडायचे, मी फुलस्केपवर नीट लिहायची. सोसायटीचा, पेन्शनचा, आत्याच्या सातबाऱ्याचा. ‘मा. मुख्याधिकारी साहेब’ लिहून झालं, ‘विषय’ लिहिला, आणि मी थांबले.

“पप्पा, हे हलकुडेकाकांबद्दल आहे.”

“त्यांच्याबद्दल नाही, बांधकामाबद्दल आहे.”

“खोली पाडतील का?”

“अजून बांधलीच नाही तर पाडतील काय? नगरपालिका सांगेल, जरा मागे सरका. दहा फूट मागे घेतली की त्यांची खोली झाली आणि आपलं ऊनही राहिलं.”

आई स्वयंपाकघरातून कणकेचे हात घेऊन बाहेर आली. “अहो, भिंतीपलीकडं हाक मारून सांगितलं तर?”

“तोंडी बोलण्याला पुरावा नसतो,” पप्पा म्हणाले. पस्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. ते भांडत नसत, आवाज चढवत नसत. अर्ज करत.

मी लिहायला लागले. त्यांनी लिहिलं होतं, ‘सदर बांधकामामुळे आमच्या विजेचे बरेचसे नुकसान होणार आहे.’ मला ते पुळचट वाटलं. मी ‘बरेचसे’ काढून ‘चोवीस टक्के’ घातलं. मग खाली आणखी एक ओळ घातली: ‘सोबत प्रत्यक्ष मोजमापाचा पारितोषिकप्राप्त तक्ता जोडला आहे.’

“बघा,” मी म्हणाले, “आकडा दिला की वजन येतं.”

पप्पांनी वाचलं. पुन्हा वाचलं. “माझ्यापेक्षा सरस हेडक्लार्क होशील,” ते म्हणाले. मला इतकं बरं वाटलं, की तक्त्याची झेरॉक्स काढायला मीच सायकलवर गेले.

संक्रांतीनंतर काम सुरू झालं. चार कॉलम खोलीच्या उंचीएवढे भरले, वर सळया निघाल्या. आणि मग नगरपालिकेचा माणूस काम थांबवायची नोटीस घेऊन आला. विनापरवाना, शिवाय सामाईक भिंतीवर भार. मागे सरकायचं म्हटलं तर मागे स्लॅबच नव्हता, पत्रे होते. हे मला माहीत होतं. त्या पत्र्यांवर गेलेले चेंडू मी लहानपणापासून काढत आले होते. अर्ज लिहिताना मात्र ते आठवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मीनल कठड्यापाशी आली. कठडा ओलांडला नाही. तिच्या हातात अर्जाची प्रत होती, त्यांना नोटिशीबरोबर मिळालेली.

“अक्षर तुझं आहे.”

“हो.”

“तक्ता आपला आहे. माझं नाव आहे त्याच्यावर. आमच्याच खोलीवर मीच हरकत घेतली असं झालं की हे.”

तिनं चोवीस टक्क्यांच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे टक्केबिक्के काकांनी लिहायला सांगितले म्हणून लिहिलेस ना?”

ती मला वाट काढून देत होती. त्या वेळी मला ते कळलं नाही. मला फक्त वाट दिसली.

“हो,” मी म्हणाले. “पप्पांनी सांगितलं म्हणून.”

“मग त्यांना म्हणावं, काढून घ्या अर्ज. मुलीकडचे रविवारी येणारेत बघायला.”

“सांगते.”

सांगितलं नाही. दुकानदारांशी भांडणारी, शाळेत हात वर करून करून खांदा दुखवून घेणारी मी, आमच्याच हॉलमध्ये ते एक वाक्य बोलू शकले नाही. सांगायला गेले असते तर टक्के कुणी घातले तेही निघालं असतं, आणि मग ते ‘सरस हेडक्लार्क’ परत द्यावं लागलं असतं. आज सांगते, उद्या सांगते करत रविवार गेला.

मुलीकडच्यांनी नुसते कॉलम पाहिले. लग्न मोडलं नाही, पण अट बदलली: मुलगा वेगळा राहील. मे महिन्यात लग्न झालं. आमची पत्रिका गेटच्या जाळीत अडकवलेली सापडली. आमच्याकडे शेजाऱ्यांना घरात येऊन कुंकू लावून बोलावतात. आईनं ती पत्रिका काढली, पुसली आणि देवापुढे ठेवली. आम्ही गेलो नाही. गच्चीवरून मांडवाचा पिवळा कापडी कळस दिसत होता आणि सनई ऐकू येत होती. पप्पा फोनमध्ये आलेख बघत बसले. लग्नानंतर बसूदादानं भाजी मंडईच्या मागे खोली भाड्यानं घेतली. ज्या घरात त्याची शीळ सकाळी सहाला सुरू व्हायची, तिथे आता कुकरची शिट्टी तेवढी.

दहावीत मीनलनं बाक बदलला. भांडण काही झालं नाही. ती शबानाजवळ बसायला लागली, एवढंच. शबाना बिचारी पहिल्या आठवड्यात डबा घेऊन दोन्ही बाकांच्या मध्ये उभी राहायची. मग तीही तिकडेच बसली. मी बोलत राहिले. वक्तृत्वात पहिली आले, वर्गाची मंत्री झाले, सगळे मला ओळखायला लागले. घरी येताना रोज एकटी यायचे. आमच्या गल्लीत वळणाऱ्या दोघीच होतो, आणि ती माझ्यापुढे पन्नास पावलं असायची. मी भरभर चालले की तीही भरभर चालायची. मग मीच बूट बांधायला थांबायचे.

आई चार वाजता मिक्सर लावायची. वाटायला काही असो नसो.

असे जवळजवळ अकरा महिने गेले. त्या डिसेंबरातला एक रविवार होता. पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली, म्हणून मी उन्हात अभ्यासाला सकाळीच गच्चीवर चटई टाकली. कठड्यापलीकडे हलकुड्यांचे चार कॉलम तसेच. वर्षभर मी त्यांच्याकडे पाठ करून बसायचे. त्या दिवशीही ऊन पाठीवर घेऊन पॅनलकडे तोंड करून बसले.

आठ वाजता कॉलमच्या सावल्या पॅनलवर पडल्या होत्या. पार पलीकडे. आम्ही आखल्या होत्या तशाच.

इतिहासाचे दोन धडे झाले. वर बघितलं तर सावल्या पॅनलवर नव्हत्या. दहा वाजले होते. सावल्यांची टोकं पॅनलच्या दोन फूट अलीकडे, जमिनीवर.

मी पुस्तक मिटलं. खाली जाऊन खडू आणला. आठला सावली होती तिथे आठवणीनं आणि दहाला होती तिथे खूण केली, मग अकराला केली, बाराला केली. सावली पॅनलकडे जायचं नावच घेईना. उलट थोडी मागेच सरकली. जेवायला खाली गेले नाही. आईनं ताट वर आणून दिलं आणि खुणांवर पाय पडू न देता खाली गेली. एक, दीड, दोन, तीन. पावणेचारला कुठे सावली पुन्हा पॅनलला शिवली, आणि तोवर उन्हात काही जीव उरला नव्हता.

पप्पांचा फोन मागून घेतला. तासातासाचा आलेख काढला. सकाळी नऊच्या आधी आणि चारनंतर वीज होते ती किती, तर चिमूटभर. मी तीनदा हिशेब केला. त्या खोलीनं आमची वर्षाची दोन टक्केसुद्धा वीज गेली नसती. आम्ही आठ वाजताची सावली दिवसभर धरली होती. ट्यूशन होती म्हणून.

“काय करतीस?”

मीनल वाळलेले कपडे काढायला आली होती. खांद्यावर काकूंची साडी. अकरा महिन्यांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली होती.

“मोजतेय.”

“आता काय राहिलंय पाडायचं?”

मी खडूच्या खुणा दाखवल्या. आठची, दहाची, बाराची, पावणेचारची. मीनल हुशार आहे. तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती एकेका खुणेवरून डोळे फिरवत गेली आणि बाराच्या खुणेवर थांबली.

“म्हणजे खोलीनं काही झालंच नसतं.”

“नाही. आपली चूक होती.”

“आपली?” तिनं साडीची घडी घातली. तिला घडी घालायला दुसरं माणूस लागायचं, आधी आम्ही दोघी दोन टोकं धरायचो. तिनं एक टोक हनुवटीखाली धरलं. “मोजण्यात चूक आपली. अर्जात काकांनी घातली.”

तीच वाट पुन्हा समोर आली होती. या वेळी मला कळलं की ती वाट आहे.

“पप्पांनी ‘बरेचसे’ लिहिलं होतं,” मी म्हणाले. “चोवीस टक्के मी घातले. कुणी सांगितलं नव्हतं. आणि तू सांगायला लावलंस ते मी त्यांना कधी सांगितलंच नाही.”

मीनलनं घडी पूर्ण केली. बाकीचे कपडे उचलले.

“माहीत होतं,” ती म्हणाली. “काका कधी टक्क्यांत बोलतात का?”

“मग तू काही बोलली का नाहीस?”

“तू कधी बोलतीस ते बघत होते.” जिन्यापाशी ती क्षणभर थांबली. “वहिनी सातव्या महिन्यात आहेत. आई रोज दुपारची डबा घेऊन मंडईपर्यंत चालत जाती. तिचे गुडघे दुखतात. एवढंच.”

ती खाली गेली. त्यांच्या जिन्याचं दार लागल्याचा आवाज आला. खाली आमचा मिक्सर सुरू झाला.

मी गच्चीवर बसूनच लिहिलं. इतिहासाच्या वहीची मधली दोन पानं काढली, चांगलं अक्षर काढलं, नव्या खुणांचा तक्ता काढला. रंग नाही भरले. मग खाली आले आणि मिक्सर बंद केला.

“अगं, चटणी आहे त्यात,” आई म्हणाली.

“पप्पा, तक्ता चुकला होता.”

पप्पांनी पेपर बाजूला ठेवला. मी आकडे दाखवले. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, बोटानं तास मोजले. कागदातली चूक त्यांना पटकन दिसते, तो त्यांचा जन्माचा धंदा. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“दोन टक्के?” ते म्हणाले.

“दोनला कमीच.”

“मग आता काय? वर्ष झालं. पोराचं लग्न झालं, तो वेगळा राहतोय. आता अर्ज मागे घेतला तर लोक म्हणतील, गिरवलकरांनी शेजाऱ्याला उगीच छळलं.”

“म्हणतातच आहेत,” आई म्हणाली. मिक्सरचं भांडं तिनं छातीशी धरलं होतं. “तुम्हाला ऐकू येत नाही, कारण तुमच्याशी कुणी बोलत नाही.”

पप्पांनी पेपरची नीट घडी घातली. म्हणाले, “आणि अठरा पूर्ण नसलेल्या अज्ञान मुलीच्या अर्जाला कायद्यानं किंमत नसते, समू. माहीत आहे ना?”

“माहीत आहे.” पहिल्या दिवशी सभागृहात उभी राहिले तेव्हा मागे कुणीतरी ओढणी धरून होतं, आता कुणी नव्हतं. “तरी मी लिहिलाय. उद्या शाळेआधी नगरपालिकेत देणार आहे. त्यात लिहिलंय की चोवीस टक्क्यांचा आकडा मी माझ्या मनानं घातला, तो खोटा निघाला, आणि त्या खोलीला आमची हरकत नाही. खाली तुमच्या सहीला जागा सोडलीय. तुम्ही केलीत तर त्याला किंमत येईल. नाही केलीत तर त्या जागेवर ‘वडिलांची सही मिळाली नाही’ असं लिहीन आणि तसाच देईन. पण त्याआधी, आत्ता, मी पुढच्या दारानं हलकुड्यांच्या घरी जातेय, आणि काकूंसमोर हा सगळा मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.”